खाऱ्या हवेतला पिनबॉल

घरच्या पिनबॉल यंत्रात बिघाड झाला, की संशय आधी सर्किट बोर्डावर जातो. दोष मात्र बहुधा एखाद्या पातीच्या स्विचात, त्याच्या तारेत किंवा कनेक्टरात निघतो. उरणात तर हे जास्तच खरे. समुद्र आणि मिठागरे दोन्ही जवळ असल्याने पितळी भांड्याला चढतो तसा हिरवट कळंक इथे दारावरच्या बेलच्या बटणालाही सोडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरचे यंत्र १९८० च्या दशकातले, अमेरिकेतून कायमचे परतलेल्या मावसभावाच्या सामानातून न्हावा शेव्याला उतरलेले. समुद्र ओलांडून ते पुन्हा समुद्राच्याच काठी राहायला आले.

अमेरिकी घरांत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. अशा बऱ्याच यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्हींसाठी जोड दिलेले असतात. मॅन्युअलमधल्या आकृतीबरहुकूम ते बदलायचे आणि मुख्य फ्यूज साधारण निम्म्या अँपिअरचा घालायचा. दाब दुप्पट झाला, की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा पुरतो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावे.

बोर्ड उघडायचा तो आधी सेल पाहण्यासाठी. स्कोअर लक्षात ठेवायला त्यावर पेन्सिल सेल बसवलेले असतात. ते गळले, की त्यांतला क्षार तांब्याच्या रेषा खात सुटतो. सेल काढून डाग व्हिनेगरने पुसावा, मग अल्कोहोलने धुवावा.

पुढचे अर्धे निदान यंत्र स्वतःच करते. नाण्याच्या दारामागच्या बटणांनी टेस्ट सुरू करून, काच काढून एकेक स्विच बोटाने दाबत जायचे. पडद्यावर त्याचा क्रमांक उमटतो. न उमटणारे क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. ही यादी कंटाळवाणी खरी, पण मल्टिमीटरपेक्षाही ती जास्त सांगते. कारण चौसष्ट स्विचांना चौसष्ट तारा ओढलेल्या नसतात. आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींची जाळी असते, आणि प्रत्येक स्विच अशा दोन ओळींच्या छेदावर बसतो. एकच स्विच गप्प असेल, तर दोष तिथल्या तिथे. अख्खी ओळ गप्प असेल, तर कनेक्टर पाहावा, बोर्ड त्यानंतर. दाबला एक आणि लागला भलताच, असे होत असेल तर एखादा डायोड शॉर्ट झालेला असतो. प्रवाहाने उलट्या वाटेने जाऊ नये म्हणून तो प्रत्येक स्विचापाशी लावलेला असतो.

गणपतीला आलेल्या भाच्यांनी दोन दिवस यंत्र बडवले आणि मधले चार टार्गेट गेले. बोर्डावरची आयसी गेली असे धरून तीन आठवडे ती शोधण्यात गेले. यादी केली ती त्यानंतर. चारही टार्गेट एकाच ओळीतले होते, आणि त्यांच्या अलीकडचे दोन चालत होते. तार एका स्विचावरून पुढच्या स्विचावर अशी जाते. तेव्हा तुटली असेल ती शेवटच्या चालत्या आणि पहिल्या बंद स्विचाच्या मध्ये. फळी उचलून पाहिले तर तार जागेवरच दिसत होती. चिमट्याने हलके ओढताच ती सोल्डरपाशी अलग झाली. प्लास्टिकच्या आतले तांबे काळे पडून काडीसारखे मोडले होते. काळा भाग छाटून पुन्हा सोल्डर मारायला पाच मिनिटे पुरली.

स्विच साफ करताना मोह आवरावा लागतो. त्यांतून अगदी थोडा प्रवाह जातो, म्हणून संपर्कबिंदूंवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. प्रस्तुत लेखकाने पहिल्याच दिवशी दोन स्विच पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. ते छान चालले, आणि पुढच्या पावसाळ्यात सर्वांत आधी तेच गेले. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाला अल्कोहोल लावून ते पात्यांमध्ये धरायचे, पाती हलकेच मिटून कार्ड ओढून घ्यायचे. कार्डावर काळी रेघ उठते. ती उठेनाशी झाली, की थांबावे.

फ्लिपरच्या स्विचाला मात्र हा नियम लागत नाही. चेंडू उडवणारे हे विजेचे हात १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रापासून आले. त्याआधी पिनबॉल म्हणजे बराचसा नशिबाचा खेळ होता. या वयाच्या यंत्रांत फ्लिपरच्या कॉइलवर दोन गुंडाळे असतात, एक जोराचा झटका देणारा, दुसरा हात नुसता वर धरून ठेवणारा. हात वर पोचताच शेवटचा स्विच उघडतो आणि प्रवाह दुसऱ्या गुंडाळ्यातून जाऊ लागतो. हा स्विच सुमारे ५० व्होल्टचा मोठा प्रवाह तोडतो, म्हणून त्याची टोके कठीण टंगस्टनची असतात आणि त्यांवर कार्बन धरतो. इथे कानस चालते, नव्हे, लागतेच. टोके काळी पडली, की फ्लिपर मरगळतो. उलट पाती वाकून स्विच उघडलाच नाही, तर पहिला गुंडाळा तापत राहतो आणि कॉइल जळते. जळक्या वार्निशचा वास हीच पहिली सूचना.

कानस लावण्याआधी प्लग काढून काही मिनिटे थांबावे, कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. मग हाताने फ्लिपर पूर्ण वर नेऊन पाहावे: टोकांत दोन-तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. ती नसेल तर पाती पक्कडीने किंचित वाकवावी, यंत्र चालू करून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि पुन्हा प्लग काढून कॉइलला बोट लावावे. कोमट लागली तर काच बसवायला हरकत नाही.