चॉकलेट वाढतं

देवास गेटला इंदूरच्या बसची वाट बघत होतो. महाकालाचं दर्शन नुकतंच झालं होतं. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी हे देऊळ पुन्हा उभारलं. आडनाव ऐकूनच गोंयकाराचे कान टवकारतात! असो.

वेळ काढायला मोबाईलवर कँडी क्रश उघडला. २०१२ साली आलेला हा खेळ. तीन सारख्या गोळ्या जुळवायच्या. मी अडलो होतो चॉकलेटपाशी. एका चालीत चॉकलेटचा एकही चौकोन फोडला नाही, की ते शेजारची एक गोळी गिळतं. मी मात्र दूर कोपऱ्यात सोप्या गोळ्या जुळवत बसायचो. चार वेळा हरलो. पाचव्या, शेवटच्या जिवाला आधी चॉकलेटला चिकटूनच जुळवाजुळव केली. सुटलं!

आणि दादा आठवला. कुळागराच्या वाटणीवरून दोन वर्षं अबोला. गेल्या चवथीला तो माटोळी बांधायलाही आला नाही. मी देवदर्शनं केली, तो विषय तेवढा टाळला. आणि तो वाढतच गेला.

बस लागली. खिडकीशी बसून नंबर लावला.

“दादा, मी उज्जैनहून बोलतोय.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “जेवलास?”