गोंदण आणि गहूवर्ण

माणसाच्या वर्णाबाबत मराठी माणसाइतका चोखंदळ प्राणी जगात दुसरा नसेल. टॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी १९७५ साली कातडीचे प्रकार पाडले. उन्हात कोण किती भाजतो आणि कोण किती रापतो, यावरून. सुरुवातीला प्रकार फक्त चार, आणि तेही गोऱ्यांचेच! तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा-सहावा प्रकार मागाहून जोडला गेला, गाडीला ऐनवेळी जनरलचे डबे जोडावेत तसा. आता आमच्याकडच्या कुठल्याही वधूवर सूचक मंडळाची वही उघडा. गोरी, उजळ, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, सावळी पण तरतरीत! आणि काळी? काळी मुलगी महाराष्ट्रात जन्मालाच येत नाही. ती 'नाकीडोळी नीटस' असते.

आमची सांगलीची पुतणी वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे गहूवर्णी आहे. निदान बायोडेटात तसं लिहिलेलं आहे. आता आमच्या भागात खपली गहू होतो, तो चांगला तांबूस असतो, आणि तरीही पुतणीचा वर्ण गाठायला त्या गव्हाला आणखी दोन उन्हाळे शेतात उभं राहावं लागेल. पोरगी हुशार, स्वतःच्या पायावर उभी, मराठीत आणि इंग्रजीत सारख्याच वेगाने भांडणारी. पण लहानपणापासून तिला दर रविवारी डाळीचं पीठ, साय आणि हळद चोपडण्यात आली. सांगलीत हळदीला काय तोटा! सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पुतणीवर मात्र त्या हळदीचा काडीइतका परिणाम झाला नाही. फक्त तिचे टॉवेल पिवळे झाले.

तर या पुतणीने एक दिवस जाहीर केलं, की मी हातावर टॅटू काढणार. मोरपीस. कोपरापासून मनगटापर्यंत. पाच रंगांत.

वहिनींचा मला साताऱ्याला फोन आला. "भाऊजी, तुम्ही समजवा. तिचे बाबा नुसते पेपर वाचतात. आधीच रंगाचं हे असं, त्यात हात चितारून घेतला तर स्थळं परत जातील."

यातली गंमत अशी, की आमच्या घरात गोंदणाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. आमच्या आत्याच्या हातावर गोंदण आहे, आजीच्या तर कपाळावर आणि हनुवटीवरही होतं. त्या काळात गोंदण नसलेल्या मुलीचंच लग्न अडायचं म्हणे. तीच सुई, तेच कातडं. फक्त गोंदणारीण जमिनीवर बसायची आणि हा खुर्चीत बसवतो, एवढ्यानेच संस्कृती बुडायला लागली!

आत्या आमच्याकडे साताऱ्यातच असते. वय अठ्ठ्याऐंशी. वर्ण पंढरीच्या विठोबाचा, आणि विठोबाप्रमाणेच तिलाही त्याचं काही वाटत नाही. तिचं गोंदण पालीच्या खंडोबाच्या जत्रेतलं. कराड तालुक्यातल्या पालला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि अख्खं गाव भंडाऱ्याने पिवळंधमक होऊन जातं. त्या गर्दीत आठ-नऊ वर्षांच्या आत्याला आजीने मांडीत दाबून धरलं आणि गोंदणारणीने मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, शेजारी विंचू आणि खाली पाच ठिपके टोचले. तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, आणि दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात कालवलेली. वरून हळद. मजुरी शेरभर जोंधळे. आजीने म्हणे बजावलं होतं, "पोर काळी हाय, जरा ठसठशीत काढ." गोंदणारणीने प्रत्येक रेघ दोनदा फिरवली. आत्या सांगते, "दोनदा बोंबलले. मग जिलबी मिळाली."

हे वृंदावन आता सहजासहजी दिसत नाही. मनगटावर कुठे निळसर, कुठे हिरवट सावली पडल्यासारखी वाटते, इतकंच. विंचवाची नांगी तर फुलून झुरळासारखी झाली आहे. पण आत्याकडे युक्ती आहे. ती बोटभर खोबरेल घेते, मनगटावर चोळते, आणि खिडकीपाशी हात नेते. बघता बघता वृंदावन उमटतं! मला हा चमत्कार वाटायचा. वास्तविक कोरड्या कातडीवर उजेड इकडेतिकडे विखुरतो, तेल लावलं की तो नीट आत शिरतो आणि आतलं दिसतं. दुधी काचेवर पाणी मारलं की पलीकडचं दिसायला लागतं, तसं.

असो. मी सांगलीला गेलो. समजवायलाच गेलो होतो, पण पुतणी म्हणाली, "काका, चला माझ्याबरोबर, आधी नुसतं विचारून येऊ," आणि मला विश्रामबागेतल्या एका दुकानात घेऊन गेली. खुर्ची दाताच्या डॉक्टरची, उजेड ऑपरेशन थिएटरचा आणि भिंतीवर कवट्या. मालक असेल पंचविशीचा, दाढीवाला, स्वतः मानेपर्यंत चितारलेला. त्याने पुतणीपुढे नमुन्यांचं पुस्तक टाकलं. तिने दहा पानं उलटली आणि विचारलं, "यातला एक तरी हात आपल्याकडचा आहे का हो?"

खरंच नव्हता. सगळे हात साईसारखे पांढरे. त्यावर पिवळं, गुलाबी, आकाशी असं काही उठून दिसत होतं की विचारू नका.

इथे दुसरा एखादा असता तर "मॅडम, एकदम सेम येईल" म्हणून मोकळा झाला असता. हा पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "ताई, खरं सांगू का? पिवळा तुम्हाला दिसणार नाही. मातकट दिसेल. पांढरा तर महिन्यात जुन्या डागासारखा होईल. गर्द निळा, गर्द हिरवा चालेल. लाल घ्यायचा तर तांबडाभडक नको, किरमिजी घ्या. आणि काळा केव्हाही राजा."

"असं का?" मी विचारलं. मनात म्हटलं, इथेही काळ्यासावळ्यांना वेगळी रांग आहे की काय!

त्याने समजावलं ते मला पालीच्या जत्रेमुळे चटकन कळलं. भंडारा काळ्या माणसावर गोऱ्याइतकाच पिवळा दिसतो, नव्हे थोडा जास्तच खुलतो, कारण तो कातडीच्या वर असतो. शाई मात्र कातडीच्या वर नसतेच. वरचं कातडं महिन्याभरात झडून नवं येतं. शाई तिथे ठेवली तर तीही झडेल. म्हणून सुई ती खालच्या थरात पोचवते. आणि आपल्याला रंग देणारं जे मेलॅनिन, ते असतं वरच्या थरात. म्हणजे आपण शाई बघतो ती चहाच्या रंगाच्या काचेतून. फिकट चहातून पिवळं फूल दिसेल, कडक चहातून चहाच दिसेल. काळी रेघ मात्र कुठल्याही चहातून काळीच.

आता ही शाई तिथे टिकते कशी, हे मी घरी येऊन वाचलं आणि एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस म्हणून माझा ऊर भरून आला. शरीराच्या रखवालदार पेशी शाईचा कण परका समजून गिळतात. गिळतात, पण पचवता येत नाही. तशाच तो पोटात घेऊन बसून राहतात. पेशी मेली की कण मोकळा होतो, आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच कण गिळून बसते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. थोडक्यात, निकाली न निघणारी फाईल आणि बदलणारे कारकून! प्रत्येक चार्ज देण्याघेण्यात थोडं इकडेतिकडे होतं, थोडे कण शरीर वाहून नेतं, ऊन उरलेल्यातलं थोडं खातं, आणि रेघ हळूहळू पसरते. आत्याचा विंचू झुरळ झाला तो असा. आणि तिची काजळी हिरवी-निळी का दिसते, तर मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्याच कारणाने. खोलवरच्या काळ्याकडून परत येणाऱ्या उजेडात निळा तेवढा जास्त असतो.

काजळीची ही शाई फार जुनी. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या, त्या काजळीच्याच. विजेचं यंत्र मात्र १८९१ चं. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने एडिसनच्या विजेच्या पेनावरून ते तयार केलं. एडिसनचं पेन कागदाला भोकं पाडून प्रती काढायला होतं, याने ते माणसाला लावलं.

पुतणीने ताबडतोब निर्णय घेतला नाही. पोराने दंडाच्या आतल्या बाजूला चार रंगांचे चार ठिपके दिले आणि सांगितलं, "दीड महिना थांबा. कुठला रंग कसा दिसतो ते बघू, आणि कातडी फुगत नाही ना तेही बघू." सावळ्या कातडीला जखमेचा वण वर उचलून येण्याची खोड जास्त असते. हे गोंदणारणीलाही ठाऊक असावं. पाच ठिपके काय उगाच का काढत होत्या!

त्या दीड महिन्यात वहिनींनी सगळे उपाय केले. आमच्या सातारा जिल्ह्याची भरती प्रसिद्ध, म्हणून त्यांनी मला सैन्याचे नियमसुद्धा काढायला लावले. तिथेही कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला गोंदण चालतं असं निघालं. म्हणजे पुतणीला हवं होतं तिथेच. मी हे वहिनींना सांगितलं आणि आठवडाभर त्यांचा फोन आला नाही.

ठिपके बरे झाल्यावर पिवळा शोधून सापडेना. निळा आणि काळा ठणठणीत होते. पुतणीने मोरपीस काढलं ते जाड काळ्या रेघांचं, डोळ्यात गर्द निळा, आणि मधलं सगळं उजळ काम तिच्या स्वतःच्याच कातडीचं सोडलेलं. मी वर्णनाला कच्चा आहे, पण त्या काळ्यानिळ्यात तिचा वर्ण असा काही तांब्यासारखा लखलखत होता, की वहिनीसुद्धा दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हळद लावते थांब." पोराने हळद नको म्हणून बजावलं होतं. सांगलीत राहून हळद नको म्हणणारा माणूस वहिनींनी पहिल्यांदाच पाहिला.

त्याच रात्री पुतणीने बायोडेटा उघडला, 'गहूवर्णी' खोडलं आणि 'सावळी' लिहिलं. पुढचं 'पण तरतरीत' वहिनींनी सुचवलं, ते तिने घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती साताऱ्याला आली. आत्याने चष्मा लावून हात खिडकीपाशी नेला, उलटसुलट केला. "रेघ चांगली हाय," म्हणाली. "कितीला?"

"सात हजार, आजी."

आत्या बराच वेळ गप्प. शेरभर जोंधळ्याशी हिशोब लागत नसावा.

"आणि जिलबी?"

पुतणी चप्पल घालून मोती चौकाकडे निघाली.