गाडीचा एसी आणि ‘गॅस संपला’



गाडीचा एसी थंड करेनासा झाला की आपल्याकडे निदान एकच, ‘गॅस संपला.’ आमच्या गाडीत सलग दोन उन्हाळे गॅस भरून झाला. पहिल्या वर्षी तो पावसाळ्यापर्यंत टिकला, दुसऱ्या वर्षी दीड महिनाही नाही. तिसऱ्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच ऐकल्यावर मी विचारलं, “भाऊ, हा काय पेट्रोल आहे का, जळून संपायला?”

प्रश्न नुसत्या आरामाचा नव्हता. सासूबाईंना हृदयाच्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी नंदुरबारहून सुरतला न्यावं लागतं. त्यांचा चौविहार असतो, सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवण झालं पाहिजे. म्हणजे परतीचा प्रवास भर दुपारचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, हे काय सांगायचं!

एसीचा गॅस बंद नळ्यांमध्येच फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, कंडेन्सर म्हणतात तिला. तिथे उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो. डॅशबोर्डच्या आत दाब सुटला की त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या हवेतली उष्णता ओढून घेते. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. दीड महिन्यात गेला तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गळती शोधायची एक सोपी खूण आहे. गॅसबरोबर तेलही फिरतं, त्यामुळे जिथून तो सुटतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. आमच्याकडे असा डाग एका जोडावर होता. साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे! आतली रबरी रिंग कडक झाली होती. रिंगची किंमत अगदी किरकोळ. ती बदलल्यावर आधी पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायला लावली, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं होतं तेवढाच गॅस वजनाने भरून घेतला. जास्त भरला तरी थंडावा कमीच होतो.

तरी नवापूरला ट्रकांच्या रांगेत थांबलो की गरम हवा, गाडी धावू लागली की गार. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, “हिला चाललं की बरं वाटतं, माझ्यासारखंच.” अशा वेळी गॅसवर संशय घेऊ नका, कंडेन्सरचा पंखा बघा. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. आमचा पंखा फिरतच नव्हता, त्याची मोटर गेली होती. कंडेन्सरची जाळीही मातीने बुजली होती. ती हलक्या धारेने धुवावी, जोराच्या प्रेशरने पाती वाकतात.

हवेचा झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, स्वतः काढता येतो. आमचं जाणं-येणं मिरचीच्या पथाऱ्यांवरून. हिवाळ्यानंतर फिल्टर काढला तर लालसर, आणि मला एकामागून एक सात शिंका! तेव्हापासून मार्चमध्ये घरातले पंखे पुसायला घेते, त्याच दिवशी तोही बदलते.

आणि गाडीखाली पाणी ठिबकलं तर घाबरू नका, ते आतल्या हवेतलं दव आहे. पायाखालची चटई ओली झाली, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.