मागच्या पाटीवरचा देश

पनवेलच्या मोहल्ल्यात एकेकाळी आखातातून नवा टेपरेकॉर्डर आला, की तो वाजवण्याआधी उलटा करून पाहत. खोका फोडायचा, थर्माकोल बाजूला सारायचा आणि पाठीमागच्या छोट्या पाटीवर बोट ठेवून वाचायचे. ‘मेड इन जपान’ असले की बघणाऱ्यांच्या तोंडून ‘माशाअल्ला’ निघे. सिंगापूर असले तर ‘चालेल’. मलेशिया असले तर कोणी काही बोलत नसे. आवाज कसा आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि रायगड-रत्नागिरीची आमची माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली. मुंबईच्या विमानतळावरून म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडे निघालेले पाहुणे वाटेत पनवेलला आमच्याकडे चहाला थांबत. त्यामुळे गावोगावची खोकी आमच्या ओटीवरून पुढे गेली.

टेपरेकॉर्डर ही तेव्हा नुसती करमणुकीची वस्तू नव्हती. त्यावर अझीज नाझांच्या कव्वाल्या वाजत, मौलवींचे बयान ऐकले जाई, हे खरेच. पण ज्या बायांना लिहिता येत नव्हते, त्या कोरी कॅसेट भरून नवऱ्याला पाठवत. आमची खाला मशीनसमोर बसून घरचा हिशेब, सासूचे दुखणे, पोराचा पहिला शब्द सगळे सांगे. तिकडून महिन्या-दोन महिन्यांनी खालूंची कॅसेट येई. अशा यंत्राकडून मागणे एकच होते, माणसाचा आवाज ओळखू यावा.

तरीही मान होता तो पाटीला. १९८८ साली मामूंनी मुलीच्या लग्नासाठी कुवेतहून दोन स्पीकरांचा मोठा सेट आणला. त्यात त्यांची जवळजवळ दोन महिन्यांची कमाई गेली होती. नौशाकडच्या एका बुजुर्गांनी भर मांडवात तो उलटा केला, पाटी वाचली आणि विचारले, “जपानी नाही मिळाला का?” मामू काही बोलले नाहीत. ज्यांनी पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात पाइपलाइनवर काम केले, त्यांची किंमत एका शब्दावर ठरली.

मामूंनाच काय, विचारणाऱ्यालाही माहीत नव्हते की १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचा करार झाला, त्यानंतर येन महागला आणि जपानी कंपन्यांनी आपले बरेच काम मलेशिया, सिंगापूर, थायलंडकडे नेले. आराखडा जपानी, तपासणीचे नियम जपानी, जोडणारे हात तेवढे मलेशियाचे.

आणि जपानचा लौकिक तरी जुना कुठे होता? दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशीच जगभर समजूत होती. सोनीचे अकिओ मोरिता यांनी लिहून ठेवले आहे, की सुरुवातीला ते आपल्या वस्तूंवर देशाचे नाव होता होईल तेवढे बारीक छापत. १९५० मध्ये अमेरिकेचे डेमिंग तिथे व्याख्याने द्यायला गेले. दोष शेवटी वेचत बसू नका, ते मुळातच येणार नाहीत असे काम बसवा, हा धडा जपान्यांनी मनावर घेतला. जर्मनीचेही तसेच. १८८७ च्या कायद्याने इंग्रजांनी परक्या मालावर देशाचे नाव घालायला लावले, ते जर्मन माल लोकांनी टाळावा म्हणून. पुढे तेच नाव पाहून लोक माल घेऊ लागले.

आमच्या मोहल्ल्यात एक रेडिओ दुरुस्त करणारे उस्ताद होते. ते सेट उघडून दाखवत: मोटर एका देशाची, आयसी दुसऱ्या, ट्रान्सफॉर्मर तिसऱ्या. “भाई, पाटी फक्त शेवटचा स्क्रू कुठे आवळला ते सांगते,” असे म्हणत. हेड फितीला काटकोनात बसलेले नसेल, तर वरचे सूर दबतात आणि आवाज गढूळ येतो. बेल्ट सैल झाला तर गाणारा लहरतो. हेडजवळचा एक लहान स्क्रू अर्धा फेरा फिरवला, की ‘बिघडलेला’ सेट पुन्हा बोलू लागे.

देशाचा संबंध नसतो असे नाही, पण तो निराळाच असतो. त्या काळी सौदीत अनेक घरांत ११०-१२७ व्होल्टची वीज होती. तिकडून आलेल्या सेटचे मागचे बटण २२० वर न करता आमच्याकडे प्लग लावला की धूर. पुढे मुंबईत खाजगी एफएम सुरू झाल्यावर आमच्या एका नातलगाने थेट टोकियोच्या दुकानातून रेडिओ आणला. जपानचा एफएम पट्टा तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८८ ते १०८. ९८.३ वरची रेडिओ मिरची त्यावर लागेना. अस्सल जपानी, पण पनवेलात बहिरा! वस्तू कुठे बनली यापेक्षा कोणासाठी बनली, हे तिथे महत्त्वाचे ठरले.

मशिदीचा अँप्लिफायर बदलायची वेळ आली, तेव्हा कमिटीतल्या काहींना ‘बाहेरचा’ हवा होता. उस्तादांनी अहुजाचा घ्यायला लावला. ही दिल्लीची कंपनी १९४० पासूनची. मांडव, मंदिर, मशीद, प्रचारसभा, सगळीकडे तिची यंत्रे. कारण साधे होते: “फजरच्या आधी बंद पडला तर सुटा भाग मुंबईत मिळेल, जपानला कोण जाणार?”

आता पाटीवर चीन आहे. पनवेलहून जवळच्या न्हावा-शेवा बंदरात, जे १९८९ ला सुरू झाले, मालाचे कंटेनर उतरतात. ‘चायना’ ही आज शिवी झाली आहे. पण फुटपाथवरचा शंभर-दोनशे रुपयांचा स्पीकर चीनचा, तसेच १९३२ मध्ये यॉर्कशरात सुरू झालेल्या इंग्रजी व्हार्फडेल कंपनीचे नावाजलेले स्पीकरही आता चीनमध्येच बनतात. फरक देशात नाही. मागणाऱ्याने किती पैसे मोजले आणि तपासणाऱ्याने किती माल परत पाठवला, यात आहे. एखाद्या गावात एखादे काम पिढ्यानपिढ्या चालले की तिथे हात तयार होतात, एवढे मात्र पाटीचे खरे.

हे सगळे लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. आम्ही बँकेत, एसटीत, साहित्याच्या कार्यक्रमात मराठीत बोललो, की कोणीतरी कौतुकाने विचारते, “तुम्ही मूळचे कुठले? मराठी फार छान बोलता!” आमच्या सात पिढ्या याच खाडीकाठी गेल्या. विचारणारा वाईट नसतो. त्याने आमचे बोलणे ऐकलेले असते, पण त्याला पाटी वाचायची असते. तेव्हा आम्हाला मांडवातले मामू आठवतात. आणि हेही आठवते, की त्या मांडवात सेट उलटा करणारे आमचेच होते.