न्हाणीतला उजेड



आज थोडं घरातलं सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझी माय न्हाणीत पाय घसरून पडली आणि मनगटाला प्लास्टर बसलं. दवाखान्यातून येताना मी चिडून बोललो, "बघून पाय टाकायचा ना गं!" ती शांतपणे म्हणाली, "दिसलं तर बघीन ना रे."

घरी आल्यावर मी न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं. भर दुपारी मला बादली दिसेना. मी रोज पहाटे लाइट लावून दहा मिनिटांत आंघोळ उरकतो, त्यामुळे हे कधी जाणवलंच नव्हतं. माय दुपारी तिथेच धुणं धुते. "दिवसा कशाला लाइट जाळायचा?" म्हणून ती बटण दाबत नाही. इतकी वर्षं ती हाताने चाचपत काम करत होती.

आमचं घर परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यात, काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात, फरशा खाली-वर होतात. न्हाणीतली शहाबादी फरशी अशीच कोपऱ्यात खचली होती. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी तिथेच साचायचं. ओल आणि अंधार असला की शेवाळ आलंच.

मी म्हणालो, "बोळीच्या बाजूने खिडकी काढू." माय लगेच म्हणाली, "नको रे बाबा, बोळीतून लोकं जातेत." तेव्हा कळलं, न्हाणी अंधारी का ठेवली होती ते. बाईमाणसाला आडोसा हवा म्हणून आपण उजेडच बंद केला होता. खिडकी नको, तर उजेड वरूनच आणायला हवा होता.

याच सुमारास चौथीच्या वर्गात प्रकाशाचा एक प्रयोग घेत होतो. ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने 2002 मध्ये एक साधी युक्ती शोधली. प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ पाणी भरायचं, शेवाळ धरू नये म्हणून दोन टोपणं ब्लीच टाकायचं आणि बाटली पत्र्यात अर्धी वर, अर्धी खाली अशी बसवायची. नुसत्या भोकातून उन्हाचा एकच कवडसा पडतो. पाण्यातून जाताना मात्र किरण वळतात आणि उजेड खोलीभर पसरतो. पुढे फिलिपाइन्समध्ये अशा बाटल्या हजारो घरांवर बसल्या.

आम्ही खोक्याला वरून बाटली लावली, आत एक शब्द लिहून चिकटवला आणि बाजूच्या छोट्या छिद्रातून मुलं तो वाचू लागली. तेवढ्यात एकाने विचारलं, "सर, तुमच्या घरी लावली का?"

काय उत्तर देणार? ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा, हे सूत्र डी.एड.ला आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. मी मात्र ब्राझीलपर्यंत जाऊन आलो आणि घरातली न्हाणी राहून गेली.

बैठकीच्या छताला पीओपी करायचं म्हणून पंचवीस हजार बाजूला ठेवले होते. त्यातलेच काढले आणि दिवाळीच्या सुट्टीत काम धरलं. हिशेब असा:

खरखरीत टाइल्स – 1,000
सिमेंट, वाळू – 1,100
मिस्त्री व मजूर, दोन दिवस – 2,800
भिंतीला धरायचा पाइप – 650
चुना, ब्रश – 250
एलईडी बल्ब, होल्डर, वायर – 300
बाटल्यांभोवती लावायचं सीलंट – 200
एकूण – 6,300 रुपये

मिस्त्रीला एकच गोष्ट बजावली, उतार फुटाला पाव इंच आणि मोरीकडेच. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, मगच पैसे दिले. भिंतींना पांढरा चुना दिला. पांढरा रंग उजेड परत फेकतो आणि चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. पत्र्यात दोन बाटल्या बसवल्या. सीलंट पूर्ण वाळू दिलं, तरी पहिल्या अवकाळी पावसात एक बाटली गळलीच. ती काढून पुन्हा बसवावी लागली. बाटलीचा उजेड फक्त दिवसा मिळतो, म्हणून रात्रीसाठी बल्ब आहेच. त्याचं बटण ओल्या हाताचा धोका नको म्हणून दाराबाहेर घेतलं.

पाइप कुठे लावायचा हे मीच ठरवणार होतो. मग म्हटलं, आधी मायलाच विचारू. ती आत गेली, पाटावर बसली, उठताना हात भिंतीला टेकला आणि म्हणाली, "इथं." मी खडूने खूण केलेल्या जागेपेक्षा ती जागा चांगली वीतभर खाली होती.

काम झाल्यावर तिने वर बघून विचारलं, "लाइट चालू राहिला का रे?" मी म्हणालो, "नाही माय, ऊन आहे ते."

बैठकीचं पीओपी अजून झालेलं नाही, होईल सावकाश. पाहुणे येतात तिथे आपण आधी खर्च करतो आणि घरातलं माणूस पडतं तिथे शेवटी. मी तरी तसंच करत होतो.

मित्रांनो, हा प्रयोग तुमच्याही वर्गात घ्या. सोबत एक गृहपाठ द्या: 'तुमच्या घरात दिवसाही अंधार कुठे असतो आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ कोण असतं?' पालकांनीही मुलांसोबत याचं उत्तर शोधावं. आमच्या वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच शब्द आला: आई.