गरजेपुरती ऊब

कोराडीत राहणाऱ्याला उष्णतेचे अप्रूप नसते. १९७४ पासून या गावात विजेसाठी कोळसा जळतो आहे. बहुतेक जुने संच एकेक करून थांबले, ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. पण जगदंबेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाला दुरूनच खुणावणाऱ्या उंच चिमण्या आजही आहेत. अशा या गावात, वीज केंद्राच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका जैन कुटुंबातील कासव डिसेंबरच्या थंडीने आजारी पडले.

सात वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला कुणा आप्ताने ते भेट म्हणून आणले होते. तेव्हा ते मोठ्या नाण्याएवढे होते. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतील. भारतीय कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे ती घरी पाळता येत नाहीत. म्हणून बाजारात ही परदेशी पिल्ले दिसतात. पिल्लू लहान, काचेची पेटी लहान, कौतुक मात्र मोठे. हा जीव वीत-दीड वीत वाढतो आणि वीस-तीस वर्षे जगतो, हे भेट देणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यांनीही विचारले नव्हते.

नागपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक असतो. नागपूरच्या थंडीची आठवण फारशी कुणी ठेवत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवीही कडाक्याच्या रात्री तो दहाच्या खाली जातो. माणूस रजई ओढतो, कारण त्याचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करते आणि रजई ती धरून ठेवते. कासवाचे तसे नाही. त्याची ऊब बाहेरून यावी लागते. पाणी गार झाले की पचन मंदावते, रोगाशी झुंजण्याची शक्तीही मंदावते. निसर्गात ही जात थंडीत तळ्याच्या तळाशी निश्चल पडून राहते. घरातील अर्धवट गार पाण्यात मात्र तिला ना धड निद्रा, ना धड जाग. या कासवाने अन्न सोडले, ते एका अंगावर कलून तरंगू लागले आणि त्याच्या नाकाशी बुडबुडे दिसू लागले. नागपुरातील पशुवैद्यकांनी तपासून सांगितले, ‘‘फुप्फुसाला थंडी बाधली आहे. औषध देतो, पण आधी ऊब द्या. शरीर गार असेल तर औषधही नीट लागू पडत नाही.’’

त्या रात्री मुलीच्या वडिलांनी पेटीवर शंभर वॉटचा दिवा टांगला. रात्रभर कासवाच्या डोळ्यांवर प्रकाश आणि पाणी जवळजवळ तसेच गार. दुसऱ्या दिवशी पाण्यात बुडवायचा हिटर आला. तो दिवसरात्र चालू राहिला, त्याचा लाल दिवा क्वचितच विझे, तरी पहाटे तापमापक वीस अंशांच्या पुढे सरकेना.

आजी हे सारे पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी सामायिक आटोपल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अरे, सोडून द्या त्याला तळ्यात. कोंडून ठेवायचं पाप कशाला पदरी घेता?’’

आजींचे म्हणणे वरवरचे नव्हते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये ‘बंध’ हा पहिला मानला जातो. जीवाला मारणे दूरच, त्याला बांधून वा कोंडून ठेवणे हेही व्रताला लागलेले दूषणच. शिवाय कासव हे भगवान मुनिसुव्रतनाथांचे लांछन. देवळात ज्याच्या चिन्हापुढे मस्तक झुकते, त्याला घरी काचेत डांबावे, हे त्यांच्या मनाला पहिल्या दिवसापासून खुपत होते. तळे जवळच होते. बादलीही काढून झाली.

नातीने अडवले. पशुवैद्यकांना फोन झाला. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. हा आजारी जीव गार पाण्यात बहुधा तगणार नाही. आणि तगलाच, तर तळ्यातील मूळच्या कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावील. जगातील सर्वांत उपद्रवी ठरलेल्या शंभर परक्या जीवजातींच्या यादीत याचे नाव आहे. एकाला दिलेले अभयदान अनेकांसाठी भय ठरावे, असा हा प्रसंग होता.

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग ठेवा. पण नीट ठेवा.’’

‘नीट’ म्हणजे काय, याचे उत्तर वडिलांना त्यांच्या कामावरच मिळाले. रात्रपाळीत ते वाफेच्या ज्या नळांजवळून जात, त्यांच्या आत ५०० अंशांहून अधिक तापलेली वाफ वाहत असे. बाहेर मात्र खनिज लोकरीचा जाड थर आणि त्यावर पत्र्याचे वेष्टन. इतक्या कष्टाने निर्माण केलेली उष्णता वाटेत सांडू नये, यासाठी केवढी ही दक्षता! आणि घरी? चारही बाजूंनी उघडी काच, खाली गार फरशी आणि वर मोकळे पाणी.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. पेटीत सुमारे १२० लिटर पाणी. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवण्याइतकी उष्णता. १२० लिटर पाणी १५ अंशांवरून २५ अंशांवर न्यायला दीड युनिटही पुरे. तेही एकदाच. त्यानंतर जाळली जाणारी सारी वीज पाणी तापवायला लागत नाही, ती निसटलेली ऊब भरून काढायला लागते. म्हणून मोठा हिटर आणणे हा उपाय नव्हता. गळती थांबवणे हाच उपाय होता.

रविवारी सारे घर कामाला लागले. पेटीखाली आणि तीन बाजूंना थर्माकोलचे जाड तक्ते बसवले; समोरची बाजू पाहण्यासाठी मोकळी ठेवून रात्री तिच्यावर जुनी गोधडी सोडायचे ठरले. उघड्या पाण्याची सर्वाधिक ऊब बाष्पीभवनाने जाते, म्हणून वर झाकण केले. हवा खेळावी म्हणून एका कडेला फट ठेवली. झाकणामुळे पाण्यावरची हवाही उबदार राहू लागली. आजारी फुप्फुसांना तिचीच गरज होती. हिटरला तापमान-नियंत्रक जोडून तो पशुवैद्यकांनी सांगितलेल्या २६ अंशांवर ठेवला. कासवाला चटका बसू नये म्हणून हिटरभोवती जाळी आली आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळही बसवली गेली. पाण्याबाहेर दगडाचा ओटा रचून त्याच्या एकाच टोकावर लहान दिवा लावला, तोही दिवसापुरता. एक टोक उष्ण आणि दुसरे सौम्य असले की किती ऊब हवी, हे कासव स्वतःच ठरवते. रात्री त्याला अंधार हवा असतो. दिवा हा त्याचा सूर्य असेल, तर तो मावळलाही पाहिजे.

खरा सूर्य तर फुकटच होता. कवच बळकट राहण्यासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. म्हणून कासवाचे बरे होणे सुरू झाल्यावर दुपारच्या उन्हात, अर्धी सावली ठेवलेल्या टबात, नात त्याला थोडा वेळ बसवू लागली आणि तेवढा वेळ स्वतःही तिथेच अभ्यास करू लागली.

हिटरचा लाल दिवा आता बराच काळ विझलेला दिसे. पहाटे पाणी मात्र २६ अंशांवर असे. आठवड्याभरात कलणे थांबले. दहाव्या दिवशी कासवाने पालकाचे पान ओढले. ही बातमी नातीने सर्वांत आधी देवघरात जाऊन सांगितली.

आजींनी या साऱ्याला आपला शब्द दिला: अनर्थदंडविरती. प्रयोजनाशिवाय पृथ्वी, पाणी, अग्नी यांना दिलेली पीडा म्हणजे अनर्थदंड. जीव वाचवण्यासाठी जेवढी उष्णता लागली, ती प्रयोजनाची. काचेतून निसटून खोलीत विरली, ती निष्प्रयोजन. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. इतर गावांत हे आकडे असतात. कोराडीत ते वाघिणींतून डोळ्यांसमोर उतरतात. वीजबिलाची बचत झाली, पण आजींच्या लेखी ती गौण होती.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. मोठेपणी ही जात बरीचशी वनस्पतींवर जगते, तरी केवळ भाजीवर तिचे पूर्ण भागत नाही आणि तयार खाद्यात मासळीची पूड असते. पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून ती थोडी द्यावीच लागते. तो डबा स्वयंपाकघरापासून दूर, व्हरांड्यात असतो. डबा उघडताना सुनेचा हात आजही क्षणभर थबकतो. घेतलेल्या जिवाला उपाशी ठेवणे हाही अतिचारच, एवढेच ती जाणते. श्रावकाने असा जीव घरी आणूच नये, याचे याहून मोठे कारण कोणते?

म्हणूनच या वर्षी धाकट्या भाच्याच्या वाढदिवसाला तसेच पिल्लू आणण्याची गोष्ट निघाली, तेव्हा नकार आजींच्या आधी नातीने दिला. ‘‘मामा, आणू नका. त्याला रोज कोण ऊब देणार?’’ मामांनी पुस्तके आणली.

कासव अजून त्याच घरात आहे. दिवाळी सरली की तक्ते आणि गोधडी बाहेर निघतात, होळीनंतर माळ्यावर जातात. थंडीच्या रात्री रात्रपाळीला निघताना वडील पेटीपाशी वाकून तापमापक पाहतात, गोधडीचे टोक नीट करतात आणि मगच चप्पल घालतात.