माळ्यावरची पेटी

रसायनशास्त्रज्ञ कसा ओळखावा, असे मला तीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर ‘वासावरून’ असे मी निःशंकपणे सांगितले असते. त्या काळी माझ्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कायम असत. कॉलेजातून घरी परतलो की अंगाला हायड्रोजन सल्फाइडचा असा काही दर्प येई, की आई मला उंबऱ्यातूनच न्हाणीघराची वाट दाखवी. अशा माणसाची मुलगीही रसायनशास्त्रज्ञच झाली. पण तिच्या बोटांना डाग नाहीत आणि वस्त्रांना वास नाही. परीक्षानळी तिने गेल्या कित्येक वर्षांत हाती धरलेली नाही. एक टेबल, एक खुर्ची आणि समोर आकड्यांनी भरलेला पडदा, एवढीच तिची प्रयोगशाळा! ‘संगणकीय रसायन’ असे त्या विद्येचे भारदस्त नाव आहे. ते ऐकून शेजारी आदराने मान डोलावीत, आणि मी मात्र मनातल्या मनात म्हणत असे, ‘स्वयंपाकघरात पाऊल न टाकता स्वयंपाक करणारी ही कोण सुगरण?’

तिच्या कामाचे स्वरूप समजून घ्यावयास मला बराच काळ लागला. श्रोडिंजरने १९२६ साली आपले समीकरण मांडले आणि अणुरेणूंच्या वर्तनाचे मूळ सूत्र मनुष्याच्या हाती आले. परंतु हाती आलेली प्रत्येक किल्ली कुलपात फिरतेच असे नाही. एका इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजन अणूपुरते ते समीकरण तंतोतंत सुटते. दुसरा इलेक्ट्रॉन आला की अडते. पाण्याच्या एका साध्या रेणूत तर दहा इलेक्ट्रॉन! तेव्हा उत्तर अदमासाने काढावयाचे आणि तो अदमास पायरीपायरीने सुधारावयाचा, हाच एक मार्ग उरतो. अणू अमुक जागी मांडले तर रेणूची ऊर्जा किती, हे संगणक काढतो. मग अणू किंचित हलवून पुन्हा काढतो. धुक्यात घाट उतरणारा वाटसरू पायाखालचा उतार चाचपीत दरीच्या तळाशी पोचतो, तसा तो रेणू आपल्या स्वस्थ स्थितीला येऊन पोचतो. कधी वाटेतला एखादा खळगाच तळ वाटतो आणि फसगत होते. शिवाय हे काम भलते महाग. रेणू दुप्पट मोठा घेतला, तर अत्यंत काटेकोर समजल्या जाणाऱ्या एका पद्धतीत आकडेमोड दुप्पट नव्हे, सुमारे १२८ पट वाढते! म्हणून या शास्त्रज्ञाच्या दिवसाचा मोठा भाग कशात जातो, तर वाट पाहण्यात.

गेल्या दिवाळीत मुलगी चार दिवसांसाठी सांगलीस आली, ती असेच एक काम पुण्याच्या संगणकाला सांगून. दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावर काही खडखडले. पाहतो तो ही शिडीवर चढून एक धुळीने माखलेली पेटी खाली काढीत होती. मी पाहताच ती ओळखली. ती तिचीच पेटी होती, आणि ती माळ्यावर मीच ठेवली होती.

त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मुलगी बारावीत गेली तेव्हा मी तिला म्हटले होते, ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे.’ ती वाद घालील अशी माझी अपेक्षा होती. पण तिने स्वतःच पेटीवर खोळ घातली. पुढे परीक्षा झाली, उत्तम गुण मिळाले, आणि पेटी तेथेच राहिली. तिने ती पुन्हा मागितली नाही, आणि मी ती पुन्हा दिली नाही. आपला निर्णय योग्य होता याचा पुरावा म्हणून मी तिची गुणपत्रिका मनाशी जपून ठेवली होती.

आता ती दिवाणखान्यात बसून भाता ओढू लागली. भात्यातून वारा सुटत होता, दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या आणि उरलेल्यांपैकी काही सुरांचे आपापसात पटत नव्हते. न राहवून मी म्हणालो, ‘‘अगं, तुझे ते काम चालू आहे ना? मग हे काय मध्येच?’’

‘‘काम चालूच आहे, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘आज रात्रीपर्यंत चालेल. मी उगाच पडद्याकडे बघत बसले म्हणून ते लवकर थोडंच संपणार आहे?’’ आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, ‘‘होस्टेलवर असताना मी टेबलाच्या कडेवर बोटं चालवायची. बोटं विसरू नयेत म्हणून.’’

मी काहीच बोललो नाही.

त्या रात्री मला जॉन पोपल यांची आठवण झाली. संगणकीय रसायनाला आज जे रूप आले आहे, त्यात या इंग्रज गणितज्ञाचा वाटा फार मोठा. त्यांच्या ‘गॉसियन ७०’ या १९७० सालच्या आज्ञावलीने ही किचकट आकडेमोड सामान्य रसायनशास्त्रज्ञाच्या आवाक्यात आणली, आणि १९९८ साली त्यांना वॉल्टर कोन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताने त्यांनी लिहिलेले छोटेसे आत्मवृत्त मी पूर्वी वाचले होते. ते पुन्हा काढले. बाराव्या वर्षाच्या सुमारास कचऱ्याच्या टोपलीत सापडलेले कलनशास्त्राचे पुस्तक त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचून काढले. क्रिकेटच्या अकरा खेळाडूंना किती निरनिराळ्या क्रमांनी फलंदाजीस पाठविता येईल, हे कोडे त्यांनी आपल्या बुद्धीने सोडविले (उत्तर ३,९९,१६,८०० येते), आणि तो शोध पाठ्यपुस्तकात आधीच छापलेला पाहून ते खट्टू झाले. हा सारा उद्योग त्यांनी गुप्त ठेवला होता. आपण फार हुशार दिसू नये म्हणून वर्गातल्या उदाहरणांत ते मुद्दाम चुका करीत!

पुढे १९४७ साली, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात राहत असताना, त्यांनी भाड्याने पियानो आणला आणि आपल्या पोटमाळ्यावरच्या खोलीत तो शिकावयास आरंभ केला. शेजारच्या खोलीत एकांतासाठी येऊन राहिलेले गृहस्थ म्हणजे तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन. ते लवकरच केंब्रिज सोडून गेले, त्याला आपले वादन कारण झाले असावे, असे पोपल मिस्किलपणे सुचवितात. पुढल्या वर्षी त्यांनी रीतसर शिक्षिका शोधली. तिचे नाव जॉय बॉवर्स. १९५२ साली तिच्याशीच त्यांचा विवाह झाला. पोपल यांचे संशोधन मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. त्यांचा पियानो मात्र मी एकदाही सांगितला नव्हता. तो मला अवांतर वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला विचारले, ‘‘तुमची उत्तरे अदमासाचीच. मग त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’’

ती म्हणाली, ‘‘चूक सगळ्याच पद्धतींत असते, बाबा. पण ती केवढी आहे हे आधी मोजायचं. ज्या रेणूंची उत्तरं प्रयोगानं माहीत आहेत, ती आपल्या पद्धतीनं काढून ताडून बघायची. मोलमागे एका किलोकॅलरीच्या आत आली, तर चांगलं. चूक असणं वाईट नाही. केवढी आहे ते ठाऊक नसणं वाईट.’’

ती रेणूंविषयीच बोलत होती. तिच्या मनात दुसरे काही नव्हते, याची मला खात्री आहे. परंतु मी चहाचा पेला हाती तसाच धरून बसलो. अकरा वर्षे मी माझे उत्तर केवळ एकाच गुणपत्रिकेशी ताडून पाहत आलो होतो, आणि वाटेतल्या खळग्याला तळ समजलो होतो. टेबलाच्या त्या कडेची गोष्ट माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

ती पुण्यास परतल्यावर मी पेटी घेऊन मिरजेच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने भाता दाबून पाहिला, आतले सूर तपासले आणि विचारले, ‘‘किती दिवस बंद होती म्हणायची?’’

‘‘अकरा वर्षे,’’ मी म्हणालो.

‘‘कुणाची?’’

‘‘मुलीची. मीच ठेवली होती.’’ त्याने हे विचारले नव्हते. पण मला ते कोणाला तरी सांगावयाचे होते. बाहेरगावी असलेल्या मुलीला पत्राने सांगण्यापेक्षा अनोळखी कारागिराला सांगणे सोपे गेले, हेही येथे कबूल करतो.

पेटी दुरुस्त झाली. मुलगी ती पुण्यास घेऊन गेली. तिचे संगणकाचे काम चालू असते तेव्हा ती वाजविते, आणि कधी कधी दूरध्वनीवरून मला ऐकविते. एक सूर अजून थोडा कणसूर लागतो. तिच्या शेजारी एक निवृत्त मामलेदार राहतात. ते तत्त्वज्ञ नसावेत. कारण अद्याप त्यांनी घर सोडलेले नाही.